आधी कागद, मग पत्रा : नागपुरात आलेल्या एका आल्फा रोमेओचं प्रकरण

नोव्हेंबर २०२३ मध्ये एका सकाळी प्रतापनगरात माझ्या भाच्याच्या घरासमोर फ्लॅटबेड ट्रक येऊन थांबला. गाडी मुंबईहून निघाली होती, भरवीरला समृद्धीला लागली आणि रात्रभर चालून नागपुरात पोचली. लाल रंग, बुटकी ठेवण, दोन दारं, बॉनेटच्या पुढच्या कडेला पायरीसारखी उभी खाच. १९६९ साली मिलानजवळच्या आरेझे कारखान्यात तयार झालेली आल्फा रोमेओ जीटी १३०० ज्युनिअर. भाचा ट्रकभोवती फिरत होता. "मामा, आवाज ऐकाल तर वेडे व्हाल तुम्ही!" मी खाली वाकून दाराखालचा पत्रा पाहिला. तिथला लाल रंग बाकीच्या गाडीपेक्षा एक छटा ताजा होता.

मी तीस वर्षं हिंगणा एमआयडीसीत मशीन शॉप चालवलं. भाचा मिहानमध्ये संगणकाचं काम करतो. जुनी गाडी त्याने आयुष्यात पहिल्यांदा घेतली. पुढची दोन वर्षं आम्ही दोघांनी या गाडीवर घालवली. तो ज्या क्रमाने कामाला लागला आणि गाडीला ज्या क्रमाची गरज होती, ते दोन क्रम अगदी उलटे होते. नव्याने या वाटेला लागणाऱ्याला उपयोग व्हावा म्हणून सगळं लिहून ठेवतो आहे, रकमांसकट.

गाडी आणि गैरसमज

भाऊजींकडे प्रीमिअर पद्मिनी होती. भाचा त्या गाडीच्या मागच्या सीटवर लहानाचा मोठा झाला. त्यामुळे त्याच्या डोक्यात हिशोब सरळ होता: पद्मिनी म्हणजे फियाट, फियाट इटालियन, आल्फाही इटालियन, आणि फियाट जाणणारे मिस्त्री नागपुरात आजही आहेत.

प्रत्यक्षात १९६९ साली आल्फा रोमेओ फियाटची नव्हतीच. ती इटालियन सरकारच्या मालकीची कंपनी होती, फियाटकडे गेली १९८६ साली. यंत्र म्हणूनही दोघींचं गोत्र वेगळं. पद्मिनीला लोखंडी ब्लॉक, पुशरॉड, एक कार्बोरेटर, चार गिअर. ज्युनिअरचं १२९० सीसीचं इंजिन ब्लॉकसकट अॅल्युमिनियमचं. त्यात पाण्यात बसणारे लोखंडी लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ते नळे), वर दोन कॅमशाफ्ट, बाजूला दोन वेबर कार्बोरेटर आणि प्रत्येकाला दोन घसे (हवा-पेट्रोल आत जायच्या वाटा), म्हणजे चार सिलिंडरना चार स्वतंत्र घसे. पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. बॉडीचं रेखाटन बेर्तोनेकडे काम करणाऱ्या तरुण ज्योर्जेत्तो ज्युजारोचं. इतकी नेटकी गाडी त्या काळात १३०० सीसीत क्वचितच कुणी बनवली असेल. भाच्याला तिचं वेड लागलं यात मला काही वावगं वाटत नाही, मलाही लागलंच.

खरेदी मात्र संध्याकाळच्या उजेडात झाली. माहीमच्या सोसायटीत, समुद्रापासून दोन-तीनशे मीटरवर, गाडी वीस वर्षं कव्हरखाली उभी होती. मध्यस्थाने कार्बोरेटरच्या घशात बाटलीने पेट्रोल ओतलं, बाहेरची बॅटरी जोडली, आणि इंजिन सुरू झालं. ते चाळीस सेकंद चाललं असेल. भाच्याने तिथेच दोन लाख ॲडव्हान्स दिला. सौदा ११ लाखांत ठरला.

कागद

गाडी नागपुरात उतरल्यावर मी पहिल्यांदा आरसी बुक मागितलं. त्यावरचे मालक २००३ साली वारले होते. त्यांनी ती ऐंशीच्या दशकात स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत घेतली होती. परदेशी माणसं भारत सोडताना आपल्या आयात गाड्या त्या मार्गाने विकत, आणि त्या विक्रीचं पिवळं पडलेलं पत्र फाइलमध्ये जपून ठेवलेलं होतं. त्या पत्राने पुढे फार मोठा आधार दिला. जुन्या परदेशी गाडीच्या फाइलमधला एकही कागद रद्दी समजू नका.

पण विक्रीच्या कागदावर सही होती फक्त एका मुलाची, आणि वारस तीन. मालक हयात नसला की गाडी सरळ खरेदीदाराच्या नावावर होत नाही. आधी फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या नावावर चढवायची, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं. मग फॉर्म २९ आणि ३० भरून ती आपल्या नावावर. एक बहीण पुण्यात होती आणि भावाशी तिचं बोलणं बंद होतं. भाचा तिच्याकडे तीनदा गेला. तिसऱ्या वेळी गाडीचे फोटो दाखवले, तेव्हा ती म्हणाली की याच गाडीतून बाबा तिला परीक्षेला सोडत, आणि सही केली. पैशाचा विषय तिने काढला नाही.

त्याहून मोठा घोर चेसिस नंबरचा होता. या आल्फाचा नंबर इंजिनाच्या मागच्या आडव्या भिंतीवर ठोकलेला असतो. त्यावर रंगाचे थर बसले होते. मी रंग काढायचं जेल लावून लाकडी पट्टीने हळूहळू ते उतरवले. तिथे खरवडायला लोखंड वापरायचं नाही, नंबरावर ओरखडा दिसला तरी संशय येतो. मग पातळ कागद ठेवून आडवी पेन्सिल फिरवली. छाप स्वच्छ उठला. बुकातला नंबर शेजारी ठेवला आणि एका जागी अडलो: बुकात ७, गाडीवर १.

भाचा खालीच बसला. "मामा, चोरीची तर नाही ना ही?"

मलाही काही सुचेना. दोन दिवसांनी त्या पिवळ्या फाइलमध्ये पहिल्या परदेशी मालकाच्या हातचा एक अर्ज सापडला. युरोपातली माणसं १ लिहिताना डोक्यावर लांब तिरपी रेघ काढतात, आपल्या डोळ्याला तो सरळ ७ वाटतो. त्या अर्जावरून १९७१ साली बुक लिहिणाऱ्याने ७ उतरवला असणार, असा आमचा कयास. कयासावर दुरुस्ती होत नसते. आरेझेला आल्फा रोमेओचं संग्रहालय आहे आणि जुन्या उत्पादनाचं दप्तरही आहे. भाच्याने तिकडे लिहिलं, छाप आणि फोटो पाठवले. गाडीवरच्याच नंबराची, त्याच मॉडेलची, १९६९ सालच्या उत्पादनाची नोंद लेखी आली. त्यावर तपासणी, पंचनामा, दुरुस्ती. नंबर सरळ व्हायला आठ महिने गेले.

पेन्सिलीचा छाप पाच मिनिटांचं काम. ते माहीमला, ॲडव्हान्स देण्याआधी झालं असतं, तर हे आठ महिने विक्रेत्याचे गेले असते.

पत्रा

कागद फिरत होते तोवर भाच्याने काय केलं? इंजिनाचं सामान मागवलं. पिस्टन-लायनरचा पूर्ण संच, टायमिंग चेन, कार्बोरेटरचे किट, स्टीलचा सायलेन्सर. एक लाख ८० हजार, कस्टम धरून. खोकी आली तेव्हा घरात दिवाळी होती. मी त्याला फ्रिजवरचं लोहचुंबक काढून आणायला सांगितलं.

चुंबकाला मऊ फडकं गुंडाळलं आणि दाराखालच्या पट्टीवरून, जिला डेंटर सिल म्हणतात, सावकाश सरकवत नेलं. पुढच्या चाकामागे धरलं. वीतभर पुढे गेलं आणि हातातून सुटून खाली पडलं. परत लावलं, परत पडलं. दोन फुटांच्या पट्ट्यात पत्रा नव्हताच, लांबी होती, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी. पेचकस टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. दुसरी बाजू तशीच.

या गाडीला वेगळी चेसिस फ्रेम नाही, बॉडी हाच सांगाडा. सिलमध्ये एकामागे एक तीन पत्रे आहेत: बाहेरचा, मधला आणि आतला. मिळून ती एक बंद पेटी होते आणि गाडीचा कणा बनते. खाली पाणी निघायला भोकं असतात. ती भोकं रंगाने किंवा चिखलाने बुजली की पाणी आत राहतं आणि पेटी आतून कुजते. बाहेरून लांबी आणि रंग मारला की विकायला तयार. नागपूरची हवा कोरडी, इथे वाढलेल्या माणसाला गंजाचं भय वाटत नाही. आपल्याकडच्या पद्मिनीही तीस-चाळीस वर्षं बऱ्या राहिल्या. पण ही गाडी वीस पावसाळे माहीमला खाऱ्या वाऱ्यात, कव्हरखाली घामेजत उभी होती. गाडी आज कुठे आहे यापेक्षा ती कुठे उभी होती, हे आधी विचारायला हवं.

डेंटर आमच्या ओळखीचा, हिंगण्याचा. त्याचा पहिला बेत दोन्ही सिल एकदम कापून नव्या घालायचा होता. मी अडवलं. कणा दोन्हीकडून कापला तर बॉडी मधोमध बसते, आणि मग दारं जन्मभर लागत नाहीत. आधी गाडी चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, लेव्हल पाहून टेकवली. दाराच्या चौकटीत लोखंडी पाइप आडवे-तिरपे वेल्ड करून आधार दिला. दाराभोवतीच्या फटी फीलर गेजने मोजून भिंतीवर खडूने लिहिल्या. मग एकच बाजू कापली.

बाहेरचा पत्रा उघडला तेव्हा आत जवळजवळ अर्धी बादली गंज निघाला, चहापत्तीसारखा सुटा. मधला पत्रा बोटाने मोडत होता. आतल्या कोपऱ्यात कुंभारमाशीची तीन मातीची घरं होती, शाबूत, पाणी जायच्या भोकावरच बांधलेली. भाच्याने त्यांचा फोटो काढला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, त्या पिस्टनचे पैसे इथं लागले असते."

बाहेरचे सिल आणि पुढची खालची आडवी पट्टी परदेशातून मागवली. मधला पत्रा आणि फ्लोअरचे दोन तुकडे इथेच वाकवले, कारण त्यांना सरळ घड्या आहेत आणि आपले प्रेसवाले ते काम अचूक करतात. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा उष्णतेने लहरतो, म्हणून सगळं मिग वेल्डरने, थोडंथोडं, जागा बदलत. जोडात जाणाऱ्या पृष्ठभागाला वेल्ड चालणारा झिंक प्रायमर. शेवटी पेटीच्या आत लांब नळीने मेणाचा फवारा, आणि भोकं उघडी आहेत ना, हे तारेने तपासलं. एक बाजू झाल्यावर भिंतीवरचे आकडे पडताळले. मागच्या फटीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक. तेवढा मी चालवून घेतला. मग दुसरी बाजू. एकूण सात महिने आणि ६ लाख ४० हजार.

रंगाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. चांगला झाला.

इंजिन

सगळ्यात भीती इंजिनाची होती, आणि सगळ्यात कमी काम त्यालाच लागलं.

बॉडी झाल्यावर, २०२५ च्या जानेवारीत, ते नीट सुरू केलं. रेस दिली की गुळगुळीत चाले. आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडून नुसतं चालू ठेवण्यावर, आलं की कापायचं, थरथरायचं, आणि मधूनच कार्बोरेटरच्या तोंडातून फट्कन आवाज. तीन मिस्त्री झाले. प्रत्येकाने स्क्रू फिरवून पाहिले, जेट साफ केले. "भाऊ, कार्बोरेटरच गेले ह्याचे," असा निकाल. भाचा नवीन वेबरची जोडी मागवायच्या तयारीत होता, आणि लगे हात इंजिन खोलून तो पिस्टनचा संचही टाकून घ्यायचा त्याचा विचार होता.

मी आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायला लावलं. चारही सिलिंडर १६० ते १७० पीएसआयच्या आत. असं धडधाकट इंजिन उगाच खोलू नये. लायनर ब्लॉकमध्ये ठरावीक उंचीवर बसलेले असतात, हेडच्या गास्केटला तेलाच्या वाटांवर छोट्या रबरी रिंगा असतात. एकदा हलवलं की ते सगळं नव्याने जमवावं लागतं. आणि कार्बोरेटरमधून फुटणारा आवाज बहुतेकदा हवा जास्त, पेट्रोल कमी असल्याचं सांगतो. हवा कुठून येत होती?

या आल्फात कार्बोरेटर हेडला थेट बोल्ट केलेले नसतात. मध्ये रबर-धातूचा जोड असतो, इंजिनाची थरथर कार्बोरेटरपर्यंत पोचू नये म्हणून. पन्नास वर्षांचं रबर. इंजिन आयडलवर ठेवलं, भाच्याला आग विझवायचं सिलिंडर घेऊन शेजारी उभं केलं, आणि कार्ब क्लीनरचा अगदी बारीक फवारा एकेका जोडाच्या खालच्या बाजूला मारला. पहिला, दुसरा, काही नाही. तिसऱ्याला इंजिनाचा आवाज एकदम चढला आणि कापणं थांबलं, दोन सेकंदांसाठी. फवारा संपला, परत कापायला लागलं.

जोड काढून हातात घेतला तेव्हाही चीर दिसत नव्हती. अंगठ्यांनी वाकवला तशी ती ओठासारखी उघडली. रेसवर आत जाणारी हवा इतकी असते की ती गळती झाकली जाते. आयडलवर तीच सगळा तोल बिघडवते. चारही जोड बदलले, दोन्ही कार्बोरेटर एकमेकांशी जुळवले. जुनेच वेबर, आयडल मिनिटाला ८५० फेऱ्यांवर ठाम. पिस्टन-लायनरचा संच अजून खोक्यात आहे.

रबराच्या निमित्ताने पेट्रोलचे सगळे पाइप आणि पंपाचा पडदाही बदलला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्या काळच्या रबराला ते मानवत नाही, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर इथेनॉल ओलावा धरून बसतं. इथेनॉल चालणारे पाइप मागून घ्यावेत, आणि टाकी भरून गाडी उभी ठेवू नये.

पाण्याची गोष्टही तशीच. रेडिएटरमधून विटेच्या रंगाचं पाणी आलं. वर्षानुवर्षं नळाचं साधं पाणी भरलेलं. लोखंडी लायनर, अॅल्युमिनियमचा ब्लॉक आणि तांब्या-पितळेचा रेडिएटर एकाच साध्या पाण्यात उभे राहिले की त्यात बारीक बॅटरीच तयार होते, आणि झिजतं ते अॅल्युमिनियम. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, कुणीतरी काढून टाकलेला होता. तो काढला की इंजिन थंड राहतं, ही आपल्याकडची जुनी समजूत. तो नसला तर हिवाळ्यात इंजिन नीट तापत नाही आणि झीज वाढते. नवा थर्मोस्टॅट, रेडिएटरची नवी कोअर, डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं कूलंट, आणि रेडिएटरपुढे एक इलेक्ट्रिक पंखा. मे महिन्यात, ४४ अंशांच्या दुपारी, वर्धा रोडवर इंजिनाच्या तापमानाचा काटा ९० ला होता. सीताबर्डीच्या गर्दीत १०० पर्यंत गेला, पंखा लागला, उतरला.

हिशोब आणि नोंदणी

भाच्याचा अंदाज होता १६ लाख, त्यात इंजिनाला चार आणि पत्र्याला एक. प्रत्यक्षात खरेदी ११ लाख, वाहतूक ५५ हजार, पत्रा ६ लाख ४० हजार, रंग २ लाख ६० हजार, ब्रेक-रबर-पाइप-रेडिएटर २ लाख १० हजार, इंजिनात खरोखर लागलेले ७० हजार, खोक्यात पडून असलेले १ लाख ८० हजार, कागद १ लाख ३० हजार. एकूण २६ लाख ४५ हजार.

कागदांच्या रकमेत मोठा वाटा नोंदणी नूतनीकरणाचा, आणि त्यावर आमचा वाद झाला. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरची मूळ स्वरूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदता येते. शुल्क २० हजार, मुदत दहा वर्षं, आणि आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण मग ती रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल आणि देखभाल, एवढ्यासाठीच रस्त्यावर. साधं नूतनीकरण केलं तर पाच वर्षं मोकळीक, पण ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या आयात चारचाकीला त्याचे ८० हजार, वर पर्यावरण कर.

मी विंटेजच्या बाजूचा होतो. आमचा उशीर वारसांपायी आणि त्या एका आकड्यापायी झाला होता, आणि नवं शुल्क नेमकं आमच्या अर्जाआधी लागू झालं. एवढी रक्कम पाच वर्षांसाठी घालवणं मला पटेना. भाचा ऐकून घेत राहिला, मग म्हणाला, "मामा, आईला बसवून रामटेकला न्यायचं आहे मला. रॅली असली की तेवढंच चालवायची, असं नाही होणार माझ्याच्यानं."

त्याने ८० हजार भरले. आज मी त्याच्या बाजूचा आहे.

डिसेंबरात एका रविवारी पहाटे निघालो. ताई पुढे, मी मागच्या अरुंद सीटवर पाय आडवे करून. थंडीत या गिअरबॉक्सचा दुसरा गिअर कुरकुरतो, हा या आल्फांचा जुना स्वभाव. पहिले चार-पाच किलोमीटर तो घाई न करता टाकावा लागतो, भाच्याला आता ते हातात बसलं आहे. कामठी मागे पडल्यावर त्याने काच खाली केली. चारही घशांचा आवाज आत आला. ताईने पदर कानावरून काढला आणि विचारलं, "तुझ्या बाबांच्या गाडीचा असाच होता का रे?"

"नाही आई," तो म्हणाला, "पण त्यांना आवडला असता."

मनसरला चहाला थांबलो तेव्हा मला पुढच्या काचेच्या रबराखाली, उजव्या कोपऱ्यात, रंगाला आलेला मुगाएवढा फुगा दिसला. काचेच्या खालच्या चौकटीत पाणी उतरतं, ही या गाडीची आणखी एक ठरलेली जागा. भाच्याला दाखवला. त्याने बोटाने दाबून पाहिला आणि खिशातून चुंबक काढलं. पावसाळ्याआधी काच उतरवायची आहे.